घड्याळाच्या पुढे पळणारं काळीज

माझी पुतणी अमरावतीला लहान बाळांच्या एका दवाखान्यात औषधांचा विभाग सांभाळते. मागच्या उन्हाळ्यात तिचा डबा पोचवायला गेलो होतो, तर तिनं मला काचेपलीकडचं एक बाळ दाखवलं. दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलेलं, ओंजळीत मावेल एवढं.

"काका, याच्या काळजाजवळची नळी उघडी राहिली होती. औषध दिलं. बंद झाली," असं म्हणाली आणि डबा उघडून जेवायला बसली.

'बंद झाली' हे दोन शब्द ऐकायला मिळावेत म्हणून माझ्या उमेदीच्या काळात आम्ही काय केलं नसतं! कोणतं औषध, असं विचारलं. तिनं नाव सांगितलं. सांधेदुखीवरचं औषध. त्याच्या कॅप्सूल मी पुढे सरकारी नोकरीत म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं वाटल्या होत्या. त्याच औषधानं बाळाच्या काळजाजवळची नळी मिटते, हे तेव्हा मला काय, आमच्या डॉक्टरसाहेबांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसलो. मला लिहायची सवय नाही, पुड्या बांधायची होती. कुठं अडखळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. वडील दुसऱ्याच्या पानमळ्यात मजुरीनं पाणी द्यायचे. आमच्या घरानं धम्म स्वीकारला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत मी मॅट्रिक झालो आणि अकोल्याला विज्ञान शिकायला कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. कॉलेजात काय शिकवतात ते वडिलांना समजावता यायचं नाही, आणि घरी कसं चाललंय ते कॉलेजात कुणाला सांगवायचं नाही. त्यामुळे मी दोन्हीकडे कमीच बोलायचो. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात काम, असं चालायचं. डॉक्टरसाहेब मुंबईला लहान मुलांच्या आजारांचं शिकून आले होते. उंच माणूस, तुटक बोलणं. मी आधी बाटल्या धुतल्या. मग त्यांनीच मला शेजारी उभं करून कंपाउंडरचं काम शिकवलं.

ते काम आता कुठं बघायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगतो. तेव्हा बरीचशी औषधं दवाखान्यातच तयार व्हायची. डॉक्टर चिठ्ठीवर लिहायचे, आम्ही मिश्रण करून बाटलीत भरायचो आणि बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीची एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. लोकांची औषधाबद्दल आपापली मतं असायची. बाळापूरकडचा एक मिरचीचा व्यापारी दर खेपेला खिडकीत वाकून सांगायचा, "भाऊ, लाल द्या. पांढऱ्या औषदानं आमच्या घरात कोनालेच गुन येत नाई." डॉक्टरसाहेबांना विचारून मी त्याच्या बाटलीत रंग टाकायचो. गुण यायचा.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे तान्ह्या बाळाची पुडी. गोळी मोठ्या माणसासाठी बनलेली असते, आणि बाळाला तिचा विसावा-पंचविसावा भाग द्यायचा. तेवढा तुकडा कुणाच्या बापाला तोडता येणार? मग ती गोळी खलात घोटायची. तिच्याइतकीच दुधाची साखर घालून पुन्हा घोटायची, मग जेवढी भुकटी झाली तेवढीच साखर पुन्हा घालायची, आणि असं वाढवत न्यायचं. एकदम सगळी साखर ओतली तर एका पुडीत औषध जास्त जातं आणि दुसरीत नुसती साखर. घाई केलेली डोळ्यांना दिसत नाही, बाळाला मात्र कळते. शेवटी कागदावर सारखे भाग पाडून पुड्या बांधायच्या. माझ्या पुडीची घडी आजही डोळे मिटून घालता येते, एवढा अभिमान मला आहे.

आता त्या नळीबद्दल. मूल पोटात असतं तेव्हा श्वास घेत नाही, त्याच्या फुफ्फुसांना काम नसतं. म्हणून काळजातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आडवाट निसर्गानं ठेवलेली असते. त्या वाटेनं रक्त फुफ्फुसांना वगळून पुढं जातं. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की आडवाट आपोआप मिटते. जे मूल फार लवकर जन्मतं, त्याची कधीकधी मिटत नाही. मग रक्त उलटं फुफ्फुसांत शिरतं, फुफ्फुसं ओली होतात, बाळाला धाप लागते आणि काळीज धावून धावून थकतं.

डॉक्टरसाहेबांनी हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वडील आले. पानमळ्यात एका वाफ्याला पाणी पुरलं की ते पाटाचं तोंड मातीनं बुजवायचे आणि टाचेनं दाबायचे. ते तोंड बुजवायचं राहिलं तर एक वाफा बुडतो आणि पुढचे तहानलेले राहतात. मी हे घाबरत घाबरत बोललो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बरोबर. फक्त आपल्याकडे ती माती नाही."

माती नव्हती, हे खरं. मुंबईसारख्या ठिकाणी छाती उघडून ती नळी बांधत, पण एवढ्याशा बाळाला इथून कोण नेणार आणि ते तिथवर टिकणार कसं? आमच्याकडे दोनच उपाय होते. दूध थोडं थोडं, कापसाच्या बोळ्यानं द्यायचं, म्हणजे अंगात पाणी वाढत नाही. आणि थकलेल्या काळजाला जोर देणाऱ्या औषधाची पुडी. पुडीनं नळी बंद होत नसे. ती आपली आपण मिटेपर्यंत पुडी काळजाला चालतं ठेवायची.

पहिलं बाळ मला आठवतं ते त्याच्या बापामुळे. तो जिनिंगमध्ये हमाली करायचा. दवाखान्यातल्या त्या गोळ्या संपल्या होत्या, नागपूरला तार केली होती. तो रोज कामावर जाताना खिडकीत यायचा. अंगाला सरकीचा कापूस चिकटलेला.

"आलं का औषद, भाऊ?"

"येईल उद्या."

औषध आलं तेव्हा बाळ राहिलं नव्हतं. माणूस तरीही आला, कदाचित पायांच्या सवयीनं. माझ्या हातातली बाटली त्यानं मागून घेतली, आतली एक गोळी बघितली आणि म्हणाला, "एवढुशीच हाये?" बाटली परत देऊन कामावर गेला. त्यानंतर ती बाटली आमच्या कपाटात कधीही रिकामी राहू दिली नाही.

गिरजाबाईंची नात आली ती यानंतर वर्षाभरानं, पावसाळ्याच्या आधी. बाळापूरपासून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव, घरची काळी जमीन, खातंपितं घर. सून कमल आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच बाळंत झालेली. मुलगी कापसात गुंडाळून, सुपात ठेवून आणली होती. आम्ही लाकडी खोक्यात दिवा लावून तिला ऊब दिली. पंधरवड्यानं तिला धाप लागली, कपाळावर घाम यायला लागला. डॉक्टरसाहेबांनी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली आणि मला म्हणाले, "तीच घरघर, उघड्या नळीची. खल काढ."

पुड्या लागू पडल्या. धाप कमी झाली, पोर बोळा चोखायला लागली. पण त्या औषधाचा एक धाक होता. काळजाला जोर देतं तेच औषध थोडं जास्त झालं की काळीज मंद करतं, आणि आणखी जास्त झालं तर थांबवतं. म्हणून प्रत्येक पुडीआधी बाळाचे ठोके मोजायचे. मिनिटाला शंभराच्या खाली आले तर पुडी द्यायची नाही. नर्सबाई ठोके मोठ्यानं मोजायच्या, रोज वजन करायच्या आणि तेही मोठ्यानं सांगायच्या.

गिरजाबाई हे दाराशी बसून ऐकायच्या. उंच, हडकुळी म्हातारी, कपाळभर कुंकू. एके दुपारी त्या उठून आत आल्या आणि नर्सबाईंच्या हातातून पोर काढून घेतली.

"लेकराले मोजू नाई. मोजलं का घटते. आमी कापूससुद्धा येचल्यावर मोजतो. बोंडात असतानी कोनी मोजते का?"

डॉक्टरसाहेब आले. "आजी, न मोजता हे औषध दिलं तर ते विष आहे."

"मंग देऊ नोका."

"दिलं नाही तर पोर जाईल."

"जाईन तं माह्या घरी जाईन. इथं मोजून मोजून तिचं बळ काहून काढता?"

कमल रडत होती, पण सासूपुढे तिचं काही चाललं नाही. गाडी जुंपली गेली. डॉक्टरसाहेबांनी पुड्या दिल्या नाहीत. देणार कशा?

दवाखाना रिकामा झाला. मी खल धुवून पालथा घातला आणि बसलो. त्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. काचेच्या दाराचं, आत पितळी लंबक हलणारं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याच आठवड्यात दोऱ्याला गोळी बांधून लंबकाचा प्रयोग केला होता. दोरा मीटरभर असला की एका झोक्याला एक सेकंद लागतो, आणि त्याच्या पावपट केला की अर्धा. घड्याळाचा लंबक साधारण वीतभर होता. म्हणजे सेकंदाला दोन टिकटिक. म्हणजे मिनिटाला शंभराच्या थोडं वर.

मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत जायचं धैर्य होईना.

"काय आहे?"

"सर, मोजलं नाही तर चालेल का?"

"तू पण सुरू केलंस?"

"तसं नाही, सर. मोजायचं नाही. फक्त बघायचं, पोरीचं काळीज घड्याळाच्या पुढे पळतं की मागे. पुढे असलं तर पुडी. मागे पडलं तर नाही. आकडा कुणीच बोलायचा नाही."

ते उठले. मग खिशातलं घड्याळ काढून भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले आणि ओठ हलवत त्याचे ठोके मोजले. म्हणाले, "शंभराहून वर आहे. म्हणजे गरजेपेक्षा थोडं आधीच थांबतील. चूक झाली तरी त्या बाजूची होईल. उतरव."

"आणि दवाखान्यात, सर?"

"माझ्या खिशात आहे ना. उतरव म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून, लंबक वेगळा कापसात बांधून, घड्याळ मांडीवर घेऊन मी बाळापूरची मोटार धरली. पुढे एका गाडीवाल्यानं बसवून घेतलं.

गिरजाबाईंनी मला ओसरीच्या पायरीशीच थांबवलं. "कोन्या गावचा रे तू?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं. "ठेव तिथंच," म्हणाल्या आणि तांब्या आणून घड्याळावर पाणी शिंपडायला लागल्या.

अशा वेळी मी मान खाली घालून परत फिरत असे. त्या दिवशी फिरलो नाही. "आजी," मी म्हणालो, "शिंपडायचं तं वरून शिंपडा. पन काचेच्या फटीतून आत पानी गेलं तं हे बंद पडन. हे बंद पडलं तं पोरीले पुडी कोनाच्या भरवशावर देता?"

त्यांचा हात थांबला. तांब्या खाली ठेवून त्यांनी पदरानं काच पुसली.

घड्याळ बाळाच्या खोलीतच लागायला हवं होतं, आणि मी आत जाणार नव्हतो, हे न बोलताच ठरलेलं होतं. मग मी ओसरीखालून सांगत गेलो आणि कमलबाईनं आत ते खिळ्याला लावलं, लंबक अडकवला. घड्याळ सरळ नसलं की लंगडतं, एक टिक लांब आणि एक आखूड. मला दिसत काहीच नव्हतं. मी कान लावून सांगत होतो, "थोडं डाव्या अंगाले... जास्त झालं... हां, आता राहू द्या." टिकटिक सारखी झाली, तसं गोठ्यातल्या बैलानंही मान वर केल्याचं मला आठवतं.

"आता पोरीच्या छातीवर डाव्या बाजूले बोट ठेवा. डोळे मिटा. कान घड्याळाकडे. कोन पुढं हाये?"

मग कमलबाईचा आवाज आला, "पोरगी."

"सरक, मी पायतो," म्हणत गिरजाबाई आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांचं हसू बाहेर ऐकू आलं. "बापा बापा! कशी पयते व! घड्याळ मांगं, पोरगी पुढं!" मग दारात येऊन त्यांनी मला दरडावून विचारलं, "हे मोजनं नाई ना?"

"नाई आजी. शर्यत हाये. पोरगी पुढं असली तं पुडी देजा. बरोबरीनं आली का मांगं पडली तं पुडी बंद, अन् तशीच दवाखान्यात आना."

त्यांनी ते जसंच्या तसं मला म्हणून दाखवलं. मग पायरीवर ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात चहा आला. मी चहा पीत नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या गावात मला चहा सोडावाच लागला.

पुड्या मी बाजाराच्या दिवशी बाळापूरला नेऊन द्यायचो. कमलबाईचा नवरा घ्यायला यायचा. मी विचारायच्या आधीच सांगायचा, "पुढं हाये. माय म्हनते, घड्याळाले दमवून टाकते." दवाखान्याच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता. रोगी विचारायचे, "घड्याळ चोरी गेलं का, भाऊ?" मी म्हणायचो, "नाई, ड्युटीवर गेलं."

मग पोळा आला. त्या आठवड्यात नदीला पूर होता, मोटार बाळापूरच्या अलीकडे थांबायची. माझी एक खेप चुकली. पूर उतरला, त्या सकाळी दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली. कमलबाईच्या छातीशी पोर होती, आणि गिरजाबाईंच्या काखेत गोधडीत गुंडाळलेलं घड्याळ.

पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरसाहेबांनी तिला टेबलावर घेतलं, मान खाली घालून ठोके मोजले. या वेळी ओठ मिटून. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पुडी कधीपासून बंद?"

"पोयापासून."

"का?"

"काहून म्हंजे? तुमीच सांगतलं ना, मांगं पडली तं देऊ नोका. रोज पाह्यतो, रोज मांगं. नदी उतरत नव्हती. आज उतरली तं आनली. अन् हे बी आनलं. तुमीच इचारा त्याले."

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "मागे कुठली? हिचं काळीज सशासारखं पळतंय."

मी गोधडी सोडून घड्याळ त्याच्या जुन्या खिळ्याला लावलं आणि चालू केलं. ते टिकटिकटिकटिक असं सुसाट सुटलं. काचेमागे पितळेचं काहीच हलत नव्हतं.

"आजी, याच्या आतलं पितळेचं गोल कुठं आहे?"

गिरजाबाईंनी पदराची गाठ सोडली. लंबकाचं चकतीसारखं वजन निघालं, हळद-तुपानं पिवळं माखलेलं.

"पोया होता ना बापा. आदल्या दिवशी बैलाइच्या खांद्याले हयद-तूप लावलं, पोयाले जू ठेवलं नाई. म्हटलं, हे बिचारं रातंदिवस माह्या पोरीसाठी चालून राह्यलं, गयात एवढं ओझं घेऊन. याले काहून सुट्टी नाई? म्हून त्याचं ओझं उतरवलं. उतरवल्याबरोबर कसं तुरुतुरु चालाले लागलं! मंग पुन्हा लटकवू वाटलं नाई."

मला वाटलं, आता डॉक्टरसाहेब ओरडणार. ते ओरडले नाहीत. ती चकती त्यांनी तळहातावर घेतली, खिडकीजवळ जाऊन उजेडात पाहिली. मग म्हणाले, "आजी, पोर मागे पडली नव्हती. घड्याळ पुढे पळालं."

गिरजाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. "म्हंजे म्या माह्या हातानं..."

"नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "सांगितलेला एकही नियम तुम्ही मोडला नाही. माझे शिकलेले लोक मोडतात. उठा. खल काढ रे."

मी खल काढला. हात धुऊन पुसले, मग गोळी घोटायला घेतली. गोळीइतकी साखर, मग भुकटीइतकी साखर. कुणी घाई करा म्हणालं नाही आणि मीही केली नाही. पुढचे काही दिवस पोर या बाजूला की त्या बाजूला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एकदा तर निळसर पडली आणि डॉक्टरसाहेबांनी जेवण टाकून तिच्याजवळ बसून रात्र काढली. गिरजाबाई या वेळी घरी न्यायचं बोलल्या नाहीत. दवाखान्यात मात्र एक नवा शिरस्ता पडला, कुणी न सांगता. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही. नर्सबाई वजन करून काटा बघायच्या आणि डॉक्टरसाहेबांकडे नुसती मान हलवायच्या. मान वर म्हणजे वाढलं. गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या, पण त्यांचं लक्ष त्या मानेकडेच असायचं, हे मला ठाऊक आहे.

हळूहळू धाप उतरली. पोर पुन्हा गावी गेली आणि घड्याळही तिच्यासोबत गेलं. या वेळी लंबक कशासाठी असतो ते मी ओसरीखालून नीट सांगितलं. गिरजाबाई म्हणाल्या, "समजलं. हे ओझं नाई, लगाम हाये." याहून चांगलं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका तपासणीत डॉक्टरसाहेब तिच्या छातीवर स्टेथोस्कोप लावून खूप वेळ ऐकत राहिले. जागा बदलून पुन्हा ऐकलं. मग कानातल्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या. "ऐक."

ती घरघर मी आधी ऐकलेली होती, सरकीच्या गिरणीसारखी न थांबणारी. आता ती नव्हती. नुसते दोन स्वच्छ ठोके, मग शांत, मग पुन्हा दोन. वडिलांनी पाटाचं तोंड बुजवून टाच दाबली की पाण्याचा आवाज जसा एकदम थांबायचा, तसं वाटलं.

"पुडीनं झालं, सर?"

"नाही. तिचं तिनंच बुजवलं. आपण तोवर तिला चालतं ठेवलं, एवढंच."

एवढंच. पण त्या हमालाच्या बाळासाठी आम्हाला एवढंही करता आलं नव्हतं.

पुड्या बंद झाल्या. संक्रांत होऊन गेल्यावर गिरजाबाई घड्याळ परत द्यायला आल्या. काच पुसलेली, लंबक वेगळा कापसात बांधलेला, मी नेला होता तसाच. दवाखान्यात गर्दी होती. मी स्टुलावर चढून घड्याळ खिळ्याला लावलं आणि खाली उतरलो, तर त्या पोर घेऊन माझ्यापुढेच उभ्या होत्या. पोर चांगली बाळसेदार झाली होती, हाताला काळे मणी, कपाळाच्या कडेला तीट.

"धर," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांच्या घरचं ते मूल त्यांनी कधी माझ्या जवळपासही येऊ दिलं नव्हतं. औषध माझं, घड्याळ मी नेलेलं, पण हात मी कधीच लावला नव्हता.

"धर म्हनतो ना! दोनी हातानं धर."

मी धरलं. पोरीनं माझ्या शर्टाची गुंडी मुठीत पकडली. गिरजाबाईंनी वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं.

"मोज आता."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरीला काट्यावर ठेवलं, काटा थांबला, आणि सवयीनं नुसती मान वर केली.

"तसं नाई," गिरजाबाई म्हणाल्या. "बोंड फुटलं आता. मोठ्यानं सांग. बाहीर बसल्याइले ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं सांगितलं.